घड्याळ आणि कॅलेंडर आलं की हात गार पडतात

पोलीस भरती, तलाठी, रेल्वे, बँक. तयारी कुठल्याही परीक्षेची असो, माझ्याकडे येणारी मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, बाकी बुद्धिमत्ता जमते, पण घड्याळाची आणि कॅलेंडरची गणितं आली की डोकं बंद पडतं. हा भाग सोडूनच देऊ का?" आईवडिलांचं म्हणणंही तेच असतं, फक्त शब्द वेगळे: पोरगं हुशार आहे, मग एवढ्याशा गोष्टीत का अडतं? बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. सूत्रं पक्की करा, रोज दहा गणितं सोडवा. दिवाळीनंतर आलेल्या एका मुलीमुळे मला ते बदलावं लागलं. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अमळनेरला माझी समुपदेशनाची छोटी खोली आहे. तापीपलीकडच्या एका गावाहून या मायलेकी एसटीने आल्या. आई केळीच्या बागेत मजुरीला जाते. मुलगी एकवीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी, उन्हात पळून पळून रापलेली. ग्राउंडची तिला चिंता नव्हती. 800 मीटर आणि 100 मीटर धावणं, गोळाफेक, तिन्हीत तिला विश्वास होता. अडचण लेखीची. मुलगी गप्प बसून होती, बोलली आईच. "ताई, रातभर जागस नि सकायले रडस. काय व्हयनं, सांगत नही."

तिची वही मी पाहिली. अक्षर सुरेख, सूत्रं लाल शाईने चौकटीत. मी विचारलं, 3 वाजून 40 मिनिटांनी काट्यांमधला कोन किती? तिने लगेच मांडलं: 30 गुणिले 3 म्हणजे 90, साडेपाच गुणिले 40 म्हणजे 220, फरक 130 अंश. अगदी बरोबर. मग पुढचा प्रश्न दिला. 8 आणि 9 च्या दरम्यान काटे एकमेकांवर केव्हा येतील? पेन थांबलं. आरशात 7 वाजून 20 मिनिटं दिसतात, तर खरे किती वाजले? आता तिने पेन खाली ठेवलं आणि हात ओढणीत गुंडाळले. नोव्हेंबर होता, पण इतकी थंडी नव्हती.

मला वाटलं, परीक्षेची भीती. तिच्यावर काय करायचं ते मला माहीत होतं, म्हणून मी निघालेच होते त्या वाटेने. तेवढ्यात आईने एसटीची वेळ विचारली. मी मुलीला सहज म्हटलं, "बघ गं, किती वाजले?" तिच्या समोरच्याच भिंतीवर हातभर रुंदीचं घड्याळ आहे. तिने पर्स उघडली, मोबाइल काढला आणि वेळ सांगितली.

मी काही बोलले नाही. आईला बाहेर चहा प्यायला पाठवलं आणि विचारलं, "भिंतीवरचं घड्याळ बघायला आवडत नाही का तुला?"

बराच वेळ गेला. मग ती अहिराणीतच म्हणाली, "ताई, माले घड्याय पटकन वाचता येत नही."

चौथीत असताना शिक्षकांनी तिला वर्गासमोर उभं करून वेळ विचारली होती. तिने लहान काटा आणि मोठा काटा उलट घेतला. सगळा वर्ग हसला, आणि पुढे कित्येक दिवस मुलं तिला वाटेत अडवून "किती वाजले?" विचारत राहिली. तेव्हापासून तिने काट्यांच्या घड्याळाकडे पाहणंच सोडलं. घरात मोबाइल आल्यावर गरजही उरली नाही. वाचता येतच नव्हतं असं नाही. पाच, दहा, पंधरा करत मोजत मोजत ती पोहोचायची. पण आपल्याला ते चटकन येत नाही, हे कुणाला कळू नये म्हणून बारा वर्षं ती जपत आली होती. क्लासमध्ये घड्याळाचा धडा सुरू झाला तेव्हा सरांनी सूत्र लिहून दिलं, तिने पाठ केलं, आणि जिथे सूत्र थेट बसतं तिथे तिचं उत्तर बरोबर येऊ लागलं. जिथे डोळ्यांपुढे घड्याळ आणावं लागतं, तिथे मात्र चौथीचा वर्ग उभा राहायचा.

हे कळल्यावर मला माझ्या आधीच्या मुलांची आठवण झाली, आणि वाईट वाटलं. "रोज दहा गणितं सोडव" असं सांगून मी किती जणांना परत पाठवलं असेल! एकवीस वर्षांच्या मुलाला "तुला घड्याळ वाचता येतं का?" असं कोण विचारतं? आणि विचारल्याशिवाय तो कसा सांगेल? आता मी विचारते. पहिल्याच भेटीत, आईवडील समोर नसताना. यातल्या एखाद्याला सुट्टे पैसे मोजतानाही सारखी गडबड होत असेल, अंक उलटसुलट दिसत असतील, तर मी त्याला शिकण्यातल्या अडचणींची तपासणी करून घ्यायला सांगते. या मुलीत तसं काही नव्हतं.

तिला मी एक काम दिलं. बाजारातून सेलवर चालणारं, सगळ्यात स्वस्त भिंतीचं घड्याळ आणायचं, त्यातला सेल काढायचा आणि मागची चकरी हाताने फिरवत बसायचं. गणित नाही, वही नाही. फक्त फिरवायचं आणि बघायचं.

पुढच्या आठवड्यात ती घड्याळ पिशवीत घालून घेऊनच आली. "ताई, लहान काटापण सरकतो!" हे वाक्य ज्यांना हास्यास्पद वाटेल त्यांनी एकदा साडेतीनचं घड्याळ कागदावर काढून बघावं. निम्म्याहून जास्त मुलं माझ्यासमोर लहान काटा नेमका 3 वर काढतात आणि कोन 90 अंश सांगतात. खरं तर साडेतीनला लहान काटा 3 आणि 4 च्या मधोमध असतो आणि कोन 75 अंश भरतो. मोठा काटा मिनिटाला 6 अंश जातो, लहान काटा अर्धा अंश. सूत्रातले साडेपाच येतात ते याच दोघांच्या फरकातून. तिला ते साडेपाच तोंडपाठ होते, पण ते कुठून आले हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

तिला समजावलं मात्र तिच्याच मैदानाने. मी म्हटलं, "गोल मैदानावर तुझी मैत्रीण तुझ्यापुढे आहे आणि हळू पळते आहे. तू तिला केव्हा गाठशील?" ती क्षणात म्हणाली, "मी तिच्या जागेवर पोचेपर्यंत तीपण पुढे गेलेली असणार ना. दोघींच्या वेगातला फरक धरावा लागेल." बस्स. 8 वाजता मोठा काटा 12 वर, लहान काटा 240 अंश पुढे. दर मिनिटाला अंतर साडेपाच अंशांनी कमी होतं. 240 भागिले साडेपाच, म्हणजे 43 पूर्णांक 7 छेद 11 मिनिटं. उत्तर तिने स्वतः काढलं, आणि मग चकरी फिरवून खरंच तिथे काटे भेटतात का ते पाहिलं. 8 वाजून पावणेचव्वेचाळीसच्या जरा आधी भेटले.

12 तासांत काटे किती वेळा एकमेकांवर येतात, हे तिने घरी रेघा ओढून मोजलं. 12 येतील असं वाटलं होतं, 11 आले. तीनदा मोजलं म्हणे. मग तिलाच दिसलं की 11 ते 1 या दोन तासांत काटे एकदाच भेटतात, बरोबर 12 ला. म्हणून दिवसभरात 22. काटकोन 12 तासांत 22 वेळा होतो, तेही तिने असंच मोजलं. आरशाचं गणित कपाटाच्या आरशासमोर घड्याळ धरून सुटलं. आरशात डावं-उजवं बदलतं, 12 आणि 6 जागेवर राहतात. खरी वेळ आणि आरशातली वेळ मिळून 12 तास होतात, म्हणून 11 वाजून 60 मिनिटांतून 7 वाजून 20 मिनिटं वजा केली की 4 वाजून 40.

कॅलेंडरची भीती वेगळी निघाली. तिथे लाज नव्हती, परकेपणा होता. 'जादा दिवस' हा शब्द तिला पुस्तकी वाटायचा. मी विचारलं, "तुमच्या गावाचा बाजार कोणत्या वारी?" गुरुवारी. "आज बाजार असेल तर 100 दिवसांनी कोणता वार?" ती म्हणाली, चौदा बाजार होतील, 98 दिवस, वर दोन, म्हणजे शनिवार. हेच जादा दिवस. खेड्यातल्या मुलांना बाजाराच्या हिशेबाने वार मोजणं रक्तातच असतं. पुस्तकात ते येतं तेव्हा कुणी ओळख करून देत नाही, एवढंच.

साध्या वर्षात 52 आठवडे आणि वर 1 दिवस, लीप वर्षात वर 2. 15 ऑगस्ट 1947 ला शुक्रवार होता. मग 15 ऑगस्ट 2025 ला कोणता? मधली वर्षं 78, त्यांत 29 फेब्रुवारी 20 वेळा आली, 1948 पासून 2024 पर्यंत. बेरीज 98, म्हणजे पूर्ण 14 आठवडे, बाकी शून्य. पुन्हा शुक्रवार. तिला त्या वर्षीचं झेंडावंदन आठवलं आणि ती हसली. माझ्या खोलीत पहिल्यांदाच. एक सावधगिरी मी तिला दोनदा लिहायला लावली: शतकाचं वर्ष 400 ने भागलं जात असेल तरच लीप. 2000 होतं, 1900 नव्हतं. इथे पाय घसरणारी मुलं फार.

त्या दिवशी आई आतच बसली होती. लीप वर्षाचं आमचं बोलणं ऐकून ती मध्येच म्हणाली, "म्हंजे आमना धोंडाना महिनानामायक." म्हणजे धोंड्याच्या, अधिक महिन्यासारखं. मी थांबले, कारण तिने अगदी मुळावर बोट ठेवलं होतं. चंद्राचं वर्ष साधारण 354 दिवसांचं, सूर्याच्या वर्षाहून अकरा दिवसांनी लहान. ती तूट साचत जाते आणि सुमारे तीन वर्षांनी अधिक महिना धरून भरून काढली जाते. सूर्याच्या वर्षातले 365 दिवसांवरचे पावणेसहा तास चार वर्षांनी एक दिवस वाढवून जुळवतात. ही माउली दुसरीपर्यंत शिकलेली. कापणी, कानबाई-आखाजीचे सण, धोंडा, सगळं तिच्या डोक्यात जागच्या जागी. मुलगी तिच्याकडे बघत राहिली. "घरात माझ्या अभ्यासातलं कुणाला काही कळत नाही," असं पहिल्या भेटीत तिने मला सांगितलं होतं.

परीक्षेच्या वेळेचं मी तिच्याशी स्पष्ट बोलले. पोलीस भरतीच्या लेखीत 90 मिनिटांत 100 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला 54 सेकंद. घड्याळाचा प्रश्न दिसला की कच्च्या कागदावर गोल काढायचा, 12, 3, 6, 9 च्या चार खुणा करायच्या. हात गार पडले तर तळवे बाकावर टेकवायचे, श्वास हळू सोडायचा. तरी सुचलं नाही, तर प्रश्नाला खूण करून पुढे जायचं आणि दुसऱ्या फेरीत परत यायचं. सोडूनच देऊ का, या प्रश्नाला माझं उत्तर आता असं आहे: वेळेअभावी शेवटी ठेवलेला प्रश्न चालतो. पण घाबरून पानच उलटायची सवय लागली की ती भीती एका धड्यापुरती राहत नाही, शेजारच्या प्रश्नांवरही चढते. तिच्या सराव पेपरांत मी ते बघितलं होतं. घड्याळाच्या प्रश्नानंतरचे दोन-तीन सोपे प्रश्न ती चुकायची.

रडणं महिन्याभरात थांबलं. जागणं अजून थोडं आहे. लेखी व्हायची आहे, तेव्हा निकालाचं मी काही सांगू शकत नाही. सेल काढलेलं घड्याळ आता तिच्या चौथीतल्या भावाकडे आहे, आणि त्याला चुकलं तर घरात कुणी हसायचं नाही असा तिने नियम केला आहे.

शेवटच्या भेटीला दोघी आल्या तेव्हा आईने भरीत-भाकरी बांधून आणली होती. डबा सोडता सोडता तिला काहीतरी आठवलं. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, 17 मेपासून. थोरल्या जावयाला धोंडे खायला बोलवायचं, तर त्या दिवशी वार कोणता? मुलीचा हात सवयीने पर्सकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. डब्याखाली अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या कडेला तिने लिहायला घेतलं. 15 ऑगस्ट 2025, शुक्रवार. ऑगस्टचे उरलेले 16, त्यातले जादा 2. मग सप्टेंबर 2, ऑक्टोबर 3, नोव्हेंबर 2, डिसेंबर 3, जानेवारी 3, फेब्रुवारी 0, मार्च 3, एप्रिल 2, मेच्या 17 तले 3. बेरीज 23, त्यातून 21 गेले, उरले 2.

"रविवार."

"आयतवार?" आई म्हणाली. "मंग बरं, जवाईले सुट्टी ऱ्हाई."