संशोधनाची तयारी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून

धडगावच्या पालकांस,
स. न. वि. वि.

आपली मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला पीएच.डी. करायची आहे, मात्र आदिवासी कुटुंबात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचत असल्याने एवढी वर्षे खर्च झेपेल का, की तिने सरळ बी.एड. करावे, असे आपण विचारले आहे. बी.एड.चा मार्ग एम.एस्सी.नंतरही खुला राहतो, त्यामुळे तो निर्णय आज घेऊ नये.

तिचे गुण चांगले आहेत. मला काळजी वाटते ती याची, की प्रत्यक्ष संशोधन कसे चालते हे तिने पाहिलेले नाही आणि तिच्याविषयी खात्रीने चार ओळी लिहू शकेल इतके जवळून ओळखणारा प्राध्यापकही तिला नाही. दुर्गम भागातील हुशार मुले बहुधा येथेच मागे पडतात आणि दोष मात्र त्यांच्या कुवतीला दिला जातो, हे मला अन्यायाचे वाटते. महाविद्यालयातील प्रात्यक्षिकात ब्युरेटचे (द्रव मोजण्याच्या काचेच्या नळीचे) वाचन किती यायला हवे हे आधीच ठाऊक असते, म्हणून मुले ते जुळवून लिहितात. संशोधनात उत्तर कोणालाच ठाऊक नसते, तेथे फसलेले वाचनही तारखेसह पेनाने नोंदवावे लागते. ही सवय तिने आत्तापासूनच लावून घ्यावी.

देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन छात्रवृत्ती देतात. निवड झालेल्या विद्यार्थ्याला सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येते आणि विद्यावेतनही मिळते. अर्जाला शिक्षकाचे शिफारसपत्र लागते, म्हणून तिने आपल्या विभागातील एखाद्या प्राध्यापकांकडे छोटा प्रकल्प मागून घ्यावा. अमेरिकेत बाल्टिमोरजवळच्या विद्यापीठात १९८८ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या मायरहॉफ उपक्रमाचा भर याच गोष्टींवर होता: पदवीच्या काळातच प्रयोगशाळेतील काम, जवळचे मार्गदर्शक आणि एकमेकांना धरून केलेला गटाचा अभ्यास. तिथून पुढे अनेकांनी विज्ञानात डॉक्टरेट मिळवली. आपल्या मुलीनेही दोन-तीन मैत्रिणींसह ‘जॅम’ परीक्षेचा अभ्यास सुरू करावा, आयआयटीतील एम.एस्सी.चे प्रवेश याच परीक्षेतून होतात.

पैशांबाबत आपला समज दुरुस्त करतो. पीएच.डी.च्या काळात संशोधकाला अधिछात्रवृत्ती मिळू शकते: नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाल्यास २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाचीही अनुसूचित जमातींच्या संशोधकांसाठी स्वतंत्र अधिछात्रवृत्ती आहे. खरा ताण एम.एस्सी.च्या दोन वर्षांत पडेल, त्यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरावा. जात वैधता प्रमाणपत्र आणि केंद्राच्या नमुन्यातील जमातीचा दाखला याच वर्षी काढून ठेवावा. ऐन प्रवेशाच्या वेळी धावाधाव नको.

इंग्रजीची भीती तिने धरू नये. आपल्याला कोणता प्रश्न सोडवायचा आहे, हे तिने आधी मराठीत एका पानावर लिहून मला पाठवावे. अर्जासाठी त्याचे इंग्रजी आपण मिळून करू.