वचन नको, अख्खं पत्र वाच

"काकू, जय ख्रिस्त. माझं माहेर ठाण्याचं, वर्तकनगरचं. नऊ वर्षं झाली आम्ही न्यू जर्सीत आहोत. ह्यांची नोकरी गेली. व्हिसा नोकरीवरच आहे, त्यामुळे साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर सामान आवरायचं. त्यातले बावीस गेले. मुलं सातवीत आणि तिसरीत. आईला काही सांगितलेलं नाही, तिला बीपी आहे. पण तिचं रोज सकाळी व्हॉट्सॲपवर वचन येतं. कधी यिर्मया २९:११, कधी फिलिप्पै ४:६, मागे उगवता सूर्य नाहीतर गुलाब. पूर्वी मी लगेच 'आमेन' लिहायचे. आता ते उघडलं की राग येतो, आणि राग आला म्हणून भीती वाटते. बायबल हातात घेते, पण वाचवत नाही. माझा विश्वास संपला का?"

काकू म्हणालीस, म्हणजे मी अरेतुरे करायला मोकळी.

आधी व्यवहाराचं बोलू. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी सुटली की जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. ते संपायच्या आत नव्या कंपनीने अर्ज करायचा असतो किंवा तुम्ही स्टेटस बदलून मागायचं असतं. हे इमिग्रेशनच्या वकिलासमोर बसून नीट समजून घ्या. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, प्रत्येक विषयातला एक माहीतगार भाऊ असतो, त्याच्यावर विसंबू नका. प्रार्थना करावी, पण फॉर्म आपणच भरायचा असतो.

आता रागाचं. मला तुझ्या रागाची काळजी वाटत नाही. राग यायला समोर कोणीतरी असावं लागतं.

१९९० च्या ऑगस्टमध्ये मी ठाण्यातल्या चरईत दोन खोल्यांत राहत होते. मिस्टर कुवेतला. दोन ऑगस्टला इराकचं सैन्य तिथे शिरलं, आणि त्यानंतर ना फोन, ना तार. दहा तारखेला त्यांचं पत्र आलं, पण ते जुलैत टाकलेलं. त्यात लिहिलं होतं की उकाडा फार आहे आणि गोदरेजच्या कपाटाची चौकशी करून ठेव. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. सासूबाई नगरकडच्या. त्यांचं बायबल काळ्या कापडी पुठ्ठ्याचं, पाठ शिवलेली. रात्री जेवणं झाली की चष्म्याची तुटकी काडी दोऱ्याने कानाला अडकवायच्या, ओळीखाली बोट धरायच्या आणि स्तोत्र १३ वाचायच्या. रोज तेच. त्या स्तोत्राची सुरुवात आभाराने होत नाही. पहिल्या दोनच ओव्यांत देवाला चार वेळा विचारलंय, कुठवर? मला विसरलास का? तोंड कुठवर लपवणार आहेस? वाचून झालं की त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढायच्या आणि उद्याचे तांदूळ निवडायला बसायच्या. 'सगळं ठीक होईल सूनबाई' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मला तेव्हा त्याचाही राग यायचा.

एकोणपन्नास रेघा झाल्या. पन्नासाव्या दिवशी, अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने, मिस्टर अंगावरच्या कपड्यांनिशी घरी आले. त्या रात्री सासूबाईंनी स्तोत्र वाचलं नाही, भात जास्त टाकला.

म्हणून आमचं वाचन कामाला आलं, असं मी तुला सांगणार नाही. त्याच महिन्यात आमच्या मंडळीतल्या दुसऱ्या एका घरी वाईट बातमी आली, आणि त्या घरातही रोज वाचत होते. तेव्हापासून मी कुणाला शास्त्रवचन गोळीसारखं देत नाही. आणि स्तोत्र १३ तुला जड गेलं तर ८८ वं बघ. त्याचा शेवट अंधारात होतो, आशेची एक ओळसुद्धा शेवटी जोडलेली नाही. ज्यांनी हा ग्रंथ जमवला त्यांनी ते गाणं उपासनेच्या पुस्तकात ठेवलं, वगळलं नाही. तुझ्या रागाला तिथे आधीपासून जागा आहे.

तुझ्या आईची दोन वचनं घेऊ. गंमत अशी की दोन्ही पत्रांतली आहेत, दूर असलेल्या माणसांच्या पत्रांतली.

यिर्मया २९ हे यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धाडलेलं पत्र. तिथे बंदिवान करून नेलेल्या यहूदी लोकांना घरी कधी जाऊ एवढंच हवं होतं. अकरावी ओवी सगळ्यांना पाठ असते, देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. तिच्या आदल्याच ओवीत काय आहे ते गुलाबाच्या चित्रावर कधी येत नाही. सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांनी परतीची वाट बघतच डोळे मिटायचे. आता एक अध्याय मागे जा. अठ्ठाविसाव्यात हनन्या नावाचा संदेष्टा उभा आहे. तो सांगतो, दोन वर्षांत सगळे परत येतील, आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू सगळ्यांसमोर मोडून टाकतो. लोकांना किती बरं वाटलं असेल! यिर्मयासुद्धा आधी 'आमेन, परमेश्वर असंच करो' म्हणतो. त्यालाही ते खरं व्हायला हवंच होतं. पण ते खरं नव्हतं.

हे हनन्या आज यूट्यूबवर भेटतात. 'तीस दिवसांत तुमचा व्हिसा, आमेन लिहा, बियाणं म्हणून अमुक रक्कम पेरा.' तुझ्यासारख्या घाबरलेल्या माणसापर्यंत ते बरोबर पोहोचतात. एक डॉलरही पाठवू नकोस. तो पैसा घरभाड्याचा आहे.

तसंच, डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ती ओवी आपल्यासाठी, हेही नको. आपल्याकडे देवाला कौल लावतात ना, त्यातलाच तो प्रकार. एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आपण टोपलीतून वचनाची चिठ्ठी काढतो ती मला आवडते, वर्षभर फ्रिजवर असते. पण तिच्यावर नोकरीचे निर्णय घेऊ नयेत.

मग त्या पत्रात सत्तर वर्षांखेरीज आहे काय? घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांचं फळ खा. पोराबाळांची लग्नं करा. ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. एवढंच, सगळं घरगुती. आशा म्हणून देवाने त्यांना जवळची तारीख दिली नाही, कामं दिली. मला वाटतं, तुला अकराव्या ओवीचा राग येतो कारण ती तुझ्याकडे एकटीच येते, तिच्यामागचं पत्र न घेता.

(आणि एक. तुम्हाला काही बंदिवान करून नेलं नव्हतं, ऑफर लेटर घेऊन गेलात. परत ठाण्याला यावं लागलं तर त्याला बाबेल म्हणू नकोस. घोडबंदर रोडवरचं ट्रॅफिक सोडलं तर इथे तसं काही नाही.)

दुसरं वचन फिलिप्पै ४:६. कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका. बैठकीच्या खोलीत पंख्याखाली बसून कोणी हे सांगितलं तर मलाही चीड येते. पण प्रेषित पौलाने हे फिलिप्पैच्या मंडळीला कैदेतून लिहिलंय, आणि पत्रात ते लपवलेलं नाही. पहिल्याच अध्यायात बेड्यांचा उल्लेख आहे. शेवटाकडे जा, त्याच चौथ्या अध्यायात तो पैशांबद्दल लिहितो. तुम्ही एपफ्रदीताच्या हाती पाठवलेलं मिळालं, माझ्या अडचणीत तुम्ही वाटेकरी झालात हे बरं केलंत. चिंता करू नका म्हणणाऱ्या माणसाने आपली अडचण मंडळीला माहीत असू दिली आणि मदत घेतली. आईपासून लपवण्याला तू विश्वास समजत असशील, तर पौलाला तो माहीत नव्हता.

तेव्हा आईला सांग. तिच्या बीपीची गोळी चालू आहे ना? मग ती ऐकेल. नऊ वर्षं ती एकटीने वर्तकनगरात गॅस सिलिंडरपासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत सगळं बघते आहे, ती कापसाची बाहुली नाही. आणि खरं सांगू? तिला काहीतरी कळलेलं असणारच. फोनवरचा आपला आवाज आईला वाचता येतो. वचनं एकाएकी वाढली असतील, तर का वाढली याचा विचार कर. शनिवारी तुझ्याकडे सकाळचे अकरा म्हणजे इथे रात्रीचे साडेआठ. तेव्हा व्हिडिओ कॉल लाव, आधी जावईबापूंना बोलू दे, मग तू बोल. रडली तर रडू दे. मग तिलाच म्हण, आई, यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय पहिल्यापासून मोठ्याने वाच.

मोठ्याने, आणि मराठीतच. मुलांना देवनागरी येत नसेल, ऐकायला तर येतं. मोबाइलवर मराठी बायबल वाचायला आणि ऐकायलाही मिळतं, पण आजीच्या आवाजाची सर त्याला नाही. ती 'परमेश्वर' म्हणताना कुठे थांबते, हे पोरांच्या कानात राहू दे. पंडिता रमाबाई १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, तेव्हा आईवडील दुष्काळात गेलेले, नवरा गेलेला. पुढे अमेरिकेतही राहिल्या. इंग्रजी त्यांना उत्तम यायचं. तरी आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं त्यांनी केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणण्यात घातली, तेही खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी त्यांनी हातातलं काम सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. दुःखात माणसाला आपल्या भाषेतलाच शब्द लागू पडतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

वाचायचं किती? रोज एक अध्यायही नको. या आठवड्यात यिर्मया २८ आणि २९, बस्स. पुढच्या आठवड्यात फिलिप्पैकरांस पत्र, चारच अध्याय आहेत, एका बैठकीत होतं. मग विलापगीत तिसरा अध्याय. त्यातली 'रोज सकाळी नवी होणारी दया' तुला माहीत असेल, ती जळालेल्या शहरात बसून लिहिली आहे. आणि ज्या दिवशी वाचवणार नाही, त्या दिवशी वहीत देवाला पत्र लिही. दोन ओळी, हव्या तेवढ्या चिडक्या. 'प्रिय पित्या'ने सुरुवात केलीच पाहिजे असं नाही.

तिथल्या मंडळीत जात राहा. तुमच्या भागात मराठी उपासना होत नसेल, तर मल्याळी चालेल, इंग्रजी चालेल. आमच्या या ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन, म्हणजे कॅथलिक संघातले, धर्मबंधू उतरले होते. जायचं होतं भलतीकडेच, जहाजाने आणून सोडलं इथे. त्यांना आसरा मिळाला तो इथल्या नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती घरांत. भाषा वेगळी, पंथ वेगळा, तरी दार उघडलं. पुढे त्यांचा जीव याच गावात गेला, तलावपाळीला फिरायला गेले की मला कधीकधी ते आठवतात. तुझी गरज साधी आहे. दोघांना स्पष्ट सांग, यांची नोकरी गेली आहे, कोणाच्या ओळखीत काही असेल तर बघा. 'प्रार्थनेत आठवण ठेवा' एवढंच म्हणून घरी येऊ नकोस.

तुझ्या पत्रात 'ह्यांच्या'बद्दल नोकरी गेली यापलीकडे एक अक्षर नाही. ते जेवतात का? झोपतात का? आपल्याकडे नोकरी गेलेला पुरुष घरात चोरासारखा वावरतो. कौटुंबिक प्रार्थनेत त्यांच्या नोकरीसाठी मुलांसमोर रोज रोज मागू नका, त्यांना ते हजेरीसारखं वाटतं. एखाद्या रात्री नुसतं शेजारी बसा. आणि मरणाची भाषा कधी त्यांच्या तोंडी आली, तर वचन शोधत बसू नकोस. अमेरिकेत ९८८ हा नंबर त्यासाठीच आहे, तो लाव. डॉक्टरकडे जाणं ही काही अविश्वासाची खूण नाही.

राहता राहिलं तुझं 'आमेन'. आईच्या वचनाखाली ते लिहवत नसेल तर लिहू नकोस. त्याऐवजी लिही, 'आई, याच्या आधीची ओवी पाठव.' ती शोधायला बसेल, तिलाही अख्खं पान वाचावं लागेल.

आणि बाल्कनीत कोथिंबीर पेर. साठ दिवसांनी तिथे असाल की नसाल हे कळण्याआधीच पेर, पत्रात बागा लावा असंच म्हटलंय. धणे आधी लाटण्याखाली हलके रगडून दोन फाका कर आणि रात्रभर भिजव. अख्खे टाकलेस तर उगवायला फार वेळ लावतात. चाळिसेक दिवसांत खुडायला येईल. जायची वेळ आली, तर कुंडी शेजारणीला दे.