दोन एकर कोरडवाहू शेतीसाठी भांडवल कोठून उभे करावे आणि सल्ला कोणाचा घ्यावा?

तुम्ही लिहिले आहे की दोन एकरांत सोयाबीन आणि तूर घेता, बियाणे-खते दरवर्षी कृषी सेवा केंद्रातून उधारीवर उचलता आणि सुगी झाल्यावर हाती काही उरत नाही. मीही मराठवाड्यातलाच सोयाबीन उत्पादक असून गावच्या विकास सोसायटीच्या (शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेच्या) कारभारात भाग घेतला आहे. त्या अनुभवावरून माझे मत स्पष्ट आहे: ज्याच्याकडून उधार घ्यायचे, त्यालाच पिकाचा सल्ला विचारू नये.

दुकानदार वाईट असतो असे मला म्हणायचे नाही; अडीअडचणीला तोच उभा राहतो, हेही खरे आहे. पण त्याचे पोट मालाच्या खपावर असते, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त लावला की व्याज वहीत वेगळे दिसतच नाही. ऑगस्टमध्ये सोयाबीनची फांदी किंवा पानाचा देठ सुकून खाली लोंबू लागला, तर तो हातात धरून नीट पाहा. त्यावर थोड्या अंतराने दोन गोल खाचा दिसल्या तर तो चक्रीभुंगा आहे. मादी या दोन खाचांच्या मध्ये अंडी घालते आणि अळी आतून खोड पोखरत जाते. या किडीवर बुरशीनाशकाचा किंवा टॉनिकचा काहीही उपयोग नाही, तरी उधारीच्या पिशवीत या दोन्ही बाटल्या येतात आणि दिवाळीत त्यांचे पैसे सोयाबीनमधून वळते होतात. म्हणून अशी फांदी घेऊन जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा किंवा गावच्या कृषी सहायकांना दाखवा. तेही जमले नाही तर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीतून विनाशुल्क विचारता येते. औषधाचे नाव आणि प्रमाण कागदावर लिहून घ्या आणि मगच दुकानात जा.

आता पैशाचे. पीककर्ज सोसायटीमार्फत जिल्हा बँकेकडून किंवा थेट राष्ट्रीयीकृत बँकेकडून मिळते. ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाचा दर ७ टक्के असून मुदतीत फेड केल्यास केंद्राची ३ टक्के सवलत मिळते, महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे नियमित फेडणाऱ्याला उरलेले व्याजही माफ होते. जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण द्यावे लागत नाही. दोन एकरांची गरज या मर्यादेच्या पुष्कळ आत बसते. खरी अडचण कागदांची असते: सातबारा अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतो, खाते सामायिक असते आणि भावांच्या सह्या मिळत नाहीत. वारसाची नोंद आणि फेरफार ही कामे उन्हाळ्यातच उरकून घ्या, कारण पेरणी तोंडावर आल्यावर तलाठी आणि बँक या दोन्ही ठिकाणी गर्दी असते.

कर्ज मिळत असले तरी गरज कमी करणे अधिक शहाणपणाचे आहे, आणि सोयाबीनमध्ये ते शक्य आहे. हे पीक स्वपरागसिंचित असल्यामुळे सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचे घरचे बियाणे पुन्हा पेरता येते, दरवर्षी नवी पिशवी घ्यावीच लागते असे नाही. मळणी करताना दाणा फुटू देऊ नका आणि पोत्यांची थप्पी उंच लावू नका. पेरणीआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सत्तर किंवा अधिक चांगले उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते, कमी उगवले तर त्या प्रमाणात वाढवा.

तिसरी गोष्ट विक्रीची, आणि माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. उधारी फेडण्यासाठी सगळा गाव ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदमच माल बाजारात आणतो आणि भाव पडतो. यावर बाजार समितीची शेतमाल तारण कर्ज योजना हा चांगला उपाय असून तो फार थोड्या लोकांना माहीत आहे. सोयाबीन किंवा तूर समितीच्या गोदामात ठेवली की मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. त्यातून देणी भागवा आणि भाव सुधारल्यावर माल विका. भाव वाढेलच याची हमी नसते, त्यामुळे सगळा माल अडकवून न ठेवता काही पोती आधी विकावीत. तुमची बाजार समिती ही योजना राबवते का, हे मात्र दसऱ्यापूर्वीच विचारून घ्या.

पीएम किसान आणि नमो शेतकरी महासन्मान निधी मिळून वर्षाला १२,००० रुपये हप्त्याहप्त्याने येतात. तेवढ्यावर शेती होत नाही, पण एखादा हप्ता खतासाठी बाजूला ठेवला तर तेवढी उधारी टळते. पीक विमाही काढा; १ रुपयात विम्याची सवलत २०२५ च्या खरिपापासून बंद झाली असून सोयाबीनला आता विमा संरक्षित रकमेच्या कमाल २ टक्के हप्ता स्वतः भरावा लागतो.

एवढे करूनही खासगी सावकाराकडे जाण्याची वेळ आली, तर त्याचा परवाना पाहिल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका आणि कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत तर मुळीच करून देऊ नका. पूर्वी असे खत झाले असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. अर्जाआधीच्या पंधरा वर्षांतला व्यवहार अवैध सावकारीतून झाल्याचे चौकशीत सिद्ध झाले, तर जमीन परत देण्याचा आदेश ते काढू शकतात. अर्जासोबत सातबारा, खरेदीखताची नक्कल आणि पैसे घेतल्या-फेडल्याच्या ज्या काही नोंदी असतील त्या जोडा.