गाडीने सीमा ओलांडायचीय, नाका कुठला धरू?

प्रश्न : आम्ही नाशिकचे. दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीने नेपाळला जायचं चाललंय, सोबत सासूसासरे आणि दोन मुलं. लुंबिनी, पोखरा, चितवन आणि जमलं तर काठमांडू. जो तो उत्तर प्रदेशातल्या सोनौलीवरून जा म्हणतो पण तिथे तासन्‌तास अडकलेल्यांचे किस्सेही ऐकलेत. दुसरा नाका बघावा का? गाडी सासऱ्यांच्या नावावर आहे, चालवणार मी. — एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, आधी तुमची भीती कमी करतो. सोनौलीला जी किलोमीटरभर लांब रांग दिसते ना, अलीकडच्या नौतनवा गावाच्या दिशेने मागेपर्यंत आलेली, ती बहुतेक मालाच्या ट्रकांची असते. ती बघून माणूस घाबरतो, तिच्याच मागे गाडी लावतो आणि तासभर हलत नाही. छोट्या गाड्यांना बाजूने पुढे सोडतात, तिथल्या पोलिसाला काच खाली करून विचारायचं, तो हात करून सांगतो कुठून जा. आपल्यासारख्यांचा वेळ जातो तो गेट ओलांडल्यावर, नेपाळच्या बेलहिया बाजूला, भन्सारच्या खिडकीपाशी. भन्सार म्हणजे त्यांचं कस्टम, गाडी किती दिवस नेपाळात राहणार त्या हिशोबाने पैसे भरून पावती घ्यायची, आणि मग यातायातचा म्हणजे रस्त्यावर चालवायचा परवाना काढायचा. या दोन कागदांना किती वेळ लागतो त्यावर तुमचा अख्खा दिवस ठरतो, त्यामुळे नाका निवडताना तिथे ट्रक किती दिसतात हे बघू नका, तुम्ही कुठून येताय, पुढे कुठे जायचंय आणि खिडकीपाशी किती वाजता पोचताय हे बघा.

तुमच्यासाठी सोनौलीच बरं, कारण लुंबिनी तिथून जवळ, सीमेपलीकडच्या भैरहव्यापासून पंचवीसेक किलोमीटर. नाशिकहून समृद्धीने नागपूर, मग शिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज करत गोरखपूरला या, समृद्धी जून २०२५ पासून मुंबईपर्यंत पूर्ण सुरू झाल्यामुळे नागपूरपर्यंतचा टप्पा आता फार सुखाचा झालाय, पण सासूसासरे सोबत आहेत तर तीन मुक्काम धराच, ओढाताण करू नका. शेवटचा मुक्काम गोरखपूरला किंवा अजून पुढे नौतनवाच्या आसपास. गोरखपूर ते सोनौली शंभरेक किलोमीटर आहे, रस्त्यात गावं आणि बाजार, त्यामुळे गोरखपूरहून आरामात नाश्ता करून निघालात तर भर गर्दीत पोचाल. पहाटे निघून उजाडता खिडकीपाशी उभं राहणं हा मला माहीत असलेला सगळ्यात खात्रीचा उपाय आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं, ते त्यांच्या वेळेने उघडतात आणि बंदही त्यांच्याच वेळेने करतात, संध्याकाळी काठावर पोचणाऱ्यांना ही पंधरा मिनिटं नडतात.

आता पर्यायांचं. सोनौलीच्या पूर्वेला त्याच महाराजगंज जिल्ह्यात ठूठीबारी म्हणून छोटा नाका आहे, पलीकडे नेपाळचं महेशपूर. थेट चितवनला जाणाऱ्यांना तो चांगला, परासीवरून महामार्गाला लागता येतं. पश्चिमेला बढनी, पलीकडे कृष्णनगर, अयोध्या-बलरामपूरकडून येत असाल तर गोरखपूरला वळसा घालायची गरजच नाही आणि तिथून लुंबिनीही फार लांब नाही. पण छोट्या नाक्यावर काउंटर कमी, माणसं कमी, संध्याकाळी लवकर सामसूम, एखादा कर्मचारी जेवायला गेला तर काम थांबलंच, म्हणून तिथे दिवसाउजेडी आणि सगळे कागद पक्के असतील तरच जावं. बिहारमधलं रक्सौल-बीरगंज मी तुम्हाला सुचवणार नाही, भारत-नेपाळ व्यापाराचा मुख्य रस्ता तोच. मालासाठी वेगळी चेकपोस्ट झाली तरी गावातली कोंडी काही संपलेली नाही. पाटण्याकडून येणाऱ्यांनी किंवा आधी काठमांडू करणाऱ्यांनी तिथून जावं. रुपईडीहा-नेपाळगंज हे बर्दियाच्या जंगलात जाणाऱ्यांसाठी, लखनौकडून. बनबसा उत्तराखंडात, दिल्ली-नैनिताल करून येणाऱ्यांसाठी, तिथे शारदा बॅरेजवरचा अरुंद पूल आहे आणि गाड्या ठरलेल्या वेळीच सोडतात, त्या वेळा माहीत नसतील तर नुसतं बसून राहावं लागतं. आणि पानीटंकी-काकडभिट्टा सिलिगुडीजवळ, दार्जिलिंग जोडून करणाऱ्यांनाच उपयोगी.

कागद. आरसी, लायसन्स, पीयूसी, इन्शुरन्स, सगळ्यांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्सचे दोन-तीन संच, झेरॉक्सवाला शोधत फिरण्यात लोकांचा जेवढा वेळ जातो तेवढा खिडकीपाशीही जात नाही. गाडी सासऱ्यांच्या नावावर असली तरी ते स्वतः सोबत आहेत त्यामुळे अडचण नाही, फक्त त्यांना मागच्या सीटवर झोपवून ठेवू नका, ओळखपत्र घेऊन तुमच्यासोबत खिडकीपाशी उभं करा. मालक सोबत नसेल त्यांनी मात्र त्याच्या सहीचं परवानगीपत्र न्यावं. माणसांसाठी आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. आधारवर विसंबू नका, नेपाळ प्रवासासाठी ते १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांपुरतंच धरलं जातं, म्हणजे मुलं लहान असतील तर त्यांचं चालेल, सासूसासरे पासष्टीपुढचे असतील तर त्यांचंही, तुम्हा दोघांचं नाही. इन्शुरन्सवाल्याला आजच फोन करा आणि पॉलिसी नेपाळपर्यंत वाढवून घ्या, तशी सोय आपल्या मोटार पॉलिसीत आहे, वरचे पैसे थोडेच लागतात आणि बहुतेक लोक हेच विसरतात. डोंगरातल्या रस्त्यावर काही झालं तर आपली साधी पॉलिसी तिथे कामाला येत नाही, सोबत म्हातारी माणसं असताना हा धोका घेऊच नका.

भन्सारचे पैसे नेपाळी रुपयात रोख तयार ठेवा. १०० भारतीय रुपयाला १६० नेपाळी हा भाव १९९३ पासून ठरलेला आहे, त्यामुळे सीमेवर कुणी कमी देत असेल तर सरळ पुढच्या दुकानात जा. भारतीय नोटा न्यायच्या तर शंभरच्या बऱ्या. हॉटेलात, दुकानात आता आपलं यूपीआय बऱ्याच ठिकाणी क्यूआरवर चालतं, मार्च २०२४ पासून ते सुरू झालं, पण सरकारी खिडकीला रोखच धरून चला. गाडीचा दर दिवसावर असतो आणि बदलत राहतो, तिथे लावलेला फलक वाचा. गाडी थांबली की लगेच दोन-चार जण येतील, साहेब दहा मिनिटांत करून देतो म्हणत. माझं ठाम मत आहे की कागद दुसऱ्याच्या हातात देऊ नये, काम अवघड नाही, फॉर्म भरायचा आणि पैसे भरायचे, आणि आत बसलेली माणसं सरळ बोललं तर नीट सांगतात. दिवस मोजताना एक दिवस जास्तीचा भरा. डोंगरात दरड आली, पोराला ताप आला, दिवस उलटला तर दंड बसतो. परदेशी गाडीला एका आर्थिक वर्षात एकूण ३० दिवसच मिळतात, आणि त्यांचं वर्ष जुलैच्या मध्यात सुरू होतं. येताना दुसऱ्या नाक्यावरून बाहेर पडायचं असेल तर भन्सार करतानाच तसं सांगून कागदावर लिहून घ्या.

तारखांचं सगळ्यात महत्त्वाचं. भारतात कामाला असलेले हजारो नेपाळी दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या दशैंला घरी जातात, घटस्थापनेपासूनच सोनौली, रुपईडीहा, बनबसा भरून वाहतात. वर्षाकाठी एकदा मुलाबाळांना भेटायला निघालेली ती माणसं, डोक्यावर बोजे घेऊन पुलावरून चालत जाताना दिसतात, त्या गर्दीत आपली गाडी न घुसवलेली बरी. तुम्ही दिवाळीत जाताय ते त्या मानाने ठीक, पण त्यांचा तिहारही तेव्हाच असतो, भाऊबीजेच्या दिवशी त्यांची भाइटीका, त्या दिवशी खिडकीला माणूस कमी असणार. लक्ष्मीपूजनाच्या एक-दोन दिवस आधी आत जा. परत येताना छठच्या आसपासचे दिवस टाळा. आणि निवडणुका बघून ठेवा, दोन्हीकडच्या, कारण मतदानाआधी सीमा दोन-तीन दिवस बंद ठेवतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात तरुणांचं आंदोलन पेटलं तेव्हाही ये-जा थांबली होती, म्हणून निघायच्या आदल्या रात्री गोरखपूरच्या हॉटेलवाल्याला विचारा. त्याचं रोजचं गिऱ्हाईक तिथूनच येतं, त्याला बरोबर माहीत असतं.

एकच अजून. बुटवलहून पाल्पामार्गे पोखरा जवळ दिसतं, सोनौलीपासून १८० किलोमीटरच्या आसपास, पण सिद्धबाबाच्या टप्प्यात दरडी पडतात. दुपारनंतर त्या रस्त्याला लागू नका, सीमेवर वेळ गेला तर लुंबिनीतच राहा, सासूबाईंना मायादेवी मंदिरात निवांत बसू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघा.

प्रश्न : आम्ही मिसिसागाला राहतो, भारतीय पासपोर्ट, कॅनडाचे पीआर म्हणजे कायम रहिवासी. आईबाबा आलेत, त्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे. लाँग वीकेंडला गाडीने न्यू जर्सीला बहिणीकडे जायचंय. नायगाराचा कुठला पूल घ्यावा? — एक वाचक, ऑन्टारिओ

उत्तर : रेनबो ब्रिज धबधब्याला अगदी चिकटून आहे म्हणून सगळे तिकडेच वळतात. त्यावर ट्रक नाहीत हे खरं, पण पर्यटकांची गर्दी एवढी की सुट्टीच्या दिवशी शहरातून पुलापर्यंत पोचणंच जड जातं. व्हर्लपूल ब्रिज फक्त नेक्ससवाल्यांना, म्हणजे आधीच तपासणी करून कार्ड घेतलेल्यांना, तो सोडून द्या. उरतात फोर्ट ईरीचा पीस ब्रिज आणि क्वीन्स्टन-लुइस्टन, दोन्हीकडे गाड्यांच्या लेन भरपूर. क्यूईडब्ल्यू महामार्गावर फाटा यायच्या आधी पुलांचे वेटिंग टाइम दाखवणारे बोर्ड आहेत, तिथे जो कमी दिसेल तो घ्या, पुढचं अंतर तुमच्यासाठी फार बदलत नाही.

पण बोर्डावरचा वेळ म्हणजे पहिल्या बूथपर्यंतचा वेळ, आणि तुमचं काम तिथे संपत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांना, पीआर असले तरी, आय-९४ म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद लागते, त्यासाठी गाडी बाजूला लावून आत बसवतात आणि खरी वाट तिथे बघावी लागते. म्हणून निघायच्या आधीच्या आठवड्यात ऑनलाइन अर्ज भरून फी भरून ठेवा, प्रत्येकाचा वेगळा. जमिनीवरून जाणाऱ्यांची ही फी ६ डॉलर होती, सप्टेंबर २०२५ अखेरीपासून ३० झालीय, चौघांचे मिळून बघा. आत जावं लागेलच, पण टायपिंगचा वेळ वाचतो आणि आईबाबांना तेवढं कमी बसावं लागतं. आधीचा आय-९४ अजून वैध असेल तर प्रिंट सोबत ठेवा आणि बूथवरच दाखवा.

१ जुलै आणि ४ जुलै जवळ आले की दोन्ही देशांची सुट्टी एकत्र येते, तेव्हा पहाटे पाचला पूल ओलांडा नाहीतर रात्री दहानंतर. आईबाबांची कॅनडात राहायची मुदत परत येईपर्यंत शिल्लक आहे ना हे निघण्याआधी बघा, ती असेल आणि थेट अमेरिकेतूनच परतत असाल तर सिंगल एंट्री व्हिसाही चालतो. डब्यातलं सगळं विचारतील तेव्हा सांगून टाका, लाडू-चिवड्याला कुणी हरकत घेत नाही पण फळं, भाज्या, मटण लपवलं तर दंड आहे. स्कार्बरो-मार्कमकडे राहणाऱ्यांनी थाउजंड आयलंड्सच्या पुलाचाही विचार करावा, लांब पडतो पण तिथून आय-८१ महामार्ग सरळ खाली जातो.

प्रश्न : सिंगापूरहून मलाक्काला गाडीने. वुडलँड्स की तुआस? — एक वाचक, सिंगापूर

उत्तर : तुआस. वुडलँड्सचा कॉजवे तुम्हाला जोहोर बाहरूच्या शहरात सोडतो, खरेदीला जाणारेही सगळे तिथेच असतात, तुआसचा सेकंड लिंक थेट महामार्गाला जोडतो, टोल जास्त आहे पण मलाक्कासाठी तो द्यावा. शुक्रवारी संध्याकाळ, शनिवारी सकाळ आणि परतीला रविवारी संध्याकाळ या तीन वेळा टाळा, शनिवारी उजाडायच्या आत निघा. दोन्ही पुलांचे कॅमेरे ऑनलाइन बघता येतात, निघताना बघाच. गाडीला मलेशियाचा व्हीईपी, म्हणजे परदेशी गाडीच्या प्रवेश परवान्याचा टॅग लावलेला हवा, १ जुलै २०२५ पासून नसेल तर ३०० रिंगिट दंड लावतात. टाकी पाऊण भरलेली नसेल तर सिंगापूरच्याच चेकपॉइंटवरून परत पाठवतात. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड निघायच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं, सिंगापूरचे नागरिक सोडून गाडीतल्या बाकी प्रत्येकाचं भरा, सिंगापूरच्या बाजूला पासपोर्टऐवजी क्यूआर कोड चालतो तो सगळ्यांचा मिळून एकच बनवून ठेवा, आणि टोलच्या टच अँड गो कार्डात पैसे आदल्या रात्रीच टाका.