पहिली होडी घेताना: हिडकल, मलप्रभा आणि कृष्णाकाठासाठी

भावा, मासेमारीला होडी घ्यायचं ठरवलंस, फार बरं केलंस. पण अमेरिकेतल्या अठरा-वीस फुटी बास बोटींचे (बास मासा गळानं धरायच्या वेगवान होड्यांचे) व्हिडिओ बघून मन त्यात अडकवू नकोस. त्या ट्रेलर, पक्का उतार आणि मोठं इंजिन गृहीत धरून बांधलेल्या असतात. आपल्याकडं बेळगाव भागात उन्हाळ्यात हिडकल धरणाचं पाणी मागं सरतं आणि भेगाळलेल्या चिखलातनं होडी हातानं ओढत न्यावी लागते. म्हणून पहिला प्रश्न हा: दोघांना ती उचलता येते का?

माझं मत विचारशील तर बारा फुटी ॲल्युमिनियमची घे. तळ मागं सपाट आणि पुढं थोडा निमुळता असावा. निव्वळ सपाट तळ मरळ माशाच्या उथळ, गवताळ पाण्यात छान चालतो, पण हिडकल किंवा मलप्रभेवरच्या नवीलतीर्थ धरणाच्या उघड्या जलाशयात दुपारचा वारा सुटला की लाटा खालनं धाडधाड आपटतात.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- आधी इंजिन घेतात, मग होडी. सुरुवातीला वल्ही आणि बारा व्होल्टची छोटी मोटार पुरते.
- माणसं मोजतात, पण बॅटरी, नांगर, सामान विसरतात. होडीवर लिहिलेल्या वजनाच्या बरंच आत राहा.
- लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवतात. ते अंगावरच पाहिजे.

पावसाळ्यात कृष्णेत, घटप्रभेत उतरायचंच नाही. राकसकोप जलाशयाचं पाणी बेळगाव शहराला प्यायला जातं, तिथं होडीचा विचारही नको. बाकी जलाशयांवर परवानगी आधी मत्स्य खात्यात विचार. मासे शोधायचं सोनार यंत्र वगैरे पुढच्या वर्षी बघू.