स्विमिंग सोडून टीम गेमला घालू का?

प्रश्न: ताई, मुलगी अकरा वर्षांची आहे, स्विमिंग करते आणि अगदी मनापासून करते, टायमिंगही छान येतंय. पण शाळेत ग्रुप प्रोजेक्ट आला की हिचं कुणाशी जमत नाही, एकतर सगळं स्वतःच करून टाकते नाहीतर फुगून बसते. घरचे म्हणतात एकट्याचा खेळ खेळून ती अशी झालीये, टीमवर्क शिकवायचं असेल तर स्विमिंग बंद कर आणि टीम गेमला घाल. खरंच असं असतं का? – एक आई

उत्तर: स्विमिंग बंद करू नका, हे आधी सांगते, बाकीचं मग बोलू.

टीमवर्क शिकायला टीम गेम जास्त बरा हे मलाही मान्य आहे, पण नुसतं टीममध्ये नाव घातलं की शिकून होतं असं नाहीये. रिंगेलमन नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता, 1913 मध्ये ते छापून आलं, त्यात दिसलं की माणसं वाढली की एकूण जोर वाढतो पण प्रत्येकाचा वाटा कमी कमी होत जातो. थोडं ताळमेळ बसत नाही म्हणून आणि थोडं, खरं सांगायचं तर, बाकीचे ओढतायत ना मग मी कशाला म्हणून. लहान मुलांचं फुटबॉल बघा, एक पोरगा बॉल घेऊन सुटतो, बाकीची झुंड त्याच्या मागे, आणि दोघंतिघं लांब उभे राहून बुटाच्या लेसशी खेळतायत. कागदावर टीम गेमच तो!

म्हणून कुठला गेम तेही बघा. मला विचाराल तर व्हॉलीबॉल. तिथे बॉल धरून ठेवता येत नाही, एकाच खेळाडूला सलग दोनदा मारता येत नाही (नेटवर बॉल अडवला, म्हणजे ब्लॉक केला, तर त्यानंतरचा टच सोडून), आणि तीन टचमध्ये पलीकडे पाठवायचाच असतो, म्हणजे कितीही हुशार असली तरी दुसरीला बॉल दिल्याशिवाय सुटका नाही. कबड्डीतली साखळीपण तशीच, दोघींनी हात धरलेत आणि एकीने घाईने झेप घेतली की रेडर मधून निसटलाच समजा.

आता एकट्याच्या खेळाबद्दल. घरच्यांना एकदा प्रॅक्टिस बघायला न्या. एकाच लेनमध्ये पाच-सहा मुलं, एका बाजूने जायचं दुसऱ्या बाजूने यायचं, मध्ये ठरावीक सेकंदांचं अंतर ठेवून निघायचं, मागचीला पुढे जायचं असेल तर पायाला हलकं टॅप करायचं आणि पुढचीने भिंतीशी थांबून वाट द्यायची. एखादी आडमुठी निघाली की अख्ख्या लेनची वाट लागते. शिवाय हरल्यावर बोट दाखवायला कुणी नसतं, आपल्या वाट्याचं आपण करायचं ही सवय लागते, आणि ज्याला ही सवय नाही तो टीममध्ये घेऊन उपयोग काय.

आणि रिले आहे की! मेडली रिलेत बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय, फ्रीस्टाइल असे चौघींचे चार स्ट्रोक, आणि आधीचीने भिंतीला हात लावायच्या आत पुढचीचे पाय उडी मारायच्या ब्लॉकवरून सुटले तर चौघी बाद. मग स्वतःचा स्पीड सोडून दुसरीचा शेवटचा स्ट्रोक बघत थांबावं लागतं, आणि तुमच्या लेकीला नेमकं तेच जड जातंय असं दिसतंय. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमधली अमेरिकन स्विमर मायकल फेल्प्सची आठ गोल्ड मेडल सगळ्यांना पाठ असतात, पण त्यातली तीन रिलेची. 4×100 फ्रीस्टाइलमध्ये तो पहिला टप्पा पोहून बाहेर आला होता, शेवटी त्याच्याच टीममधल्या जेसन लेझाकने मागून येऊन फ्रान्सला फक्त 0.08 सेकंदाने मागे टाकलं म्हणून ते गोल्ड आलं, म्हणजे फेल्प्सच्या आठातलं एक दुसऱ्याच्या हातांवर ठरलं. तिला ही रेस दाखवा.

कोचना सांगून रिलेत घालायला लावा, आणि सुट्टीत व्हॉलीबॉल, स्पर्धेबिर्धेचं टेन्शन न देता. ग्रुप प्रोजेक्टचं म्हणाल तर दोष तिचाच असेल असं नाही हं, कुणी काय करायचं हे बऱ्याचदा ठरवलेलंच नसतं. पुढच्या वेळी आधी कामं वाटून घ्यायला सांगा, बघा रुसवा कमी होतो का.

प्रश्न: माझा मुलगा बास्केटबॉल टीममध्ये आहे पण कायम बेंचवर. असा बसून टीमवर्क शिकेल का? – एक बाबा

उत्तर: थोडं शिकेल, गेम वाचायला शिकेल, पण कायम म्हणजे कायम असेल तर फक्त कंटाळायला शिकेल. बास्केटबॉलमध्ये बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, त्यामुळे नियमात बसत नाही ही सबब कोचना देता येणार नाही. मुलाला मध्ये न घेता शांतपणे विचारा की प्रॅक्टिसमध्ये तरी त्याला पहिल्या पाच जणांविरुद्ध खेळवता का. उत्तर नाही आलं तर सरळ दुसरी टीम बघा.