लवकर संपवले, तर आणखी एक

“मॅडम, त्याला सगळे येते, तरी एका पानाला दोन तास लावतो, त्याचे लक्ष कसे वाढवू?” शिष्यवृत्ती परीक्षेच्या वर्षात हा प्रश्न पालक हमखास विचारतात. पाचवीतल्या एका मुलाची आई तोच घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) शाळा, क्लास आणि जेवणानंतर एक पूर्ण सराव प्रश्नपत्रिका, म्हणजे ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे, असा त्याचा रोजचा क्रम होता. शिवाय चुकलेले प्रत्येक गणित दहा वेळा लिहायचे.

मी सरावाच्या वह्या मागवल्या. सुरुवातीचे वीसेक प्रश्न व्यवस्थित सोडवलेले होते. पुढे आकडे उतरवतानाच चुका होत्या, आणि बुद्धिमत्ता चाचणीतील आकृत्यांच्या प्रश्नांना ओळीने एकच पर्याय दिलेला होता. मुलाशी स्वतंत्रपणे बोलले, तेव्हा त्याने कारण सांगून टाकले : “लवकर संपवलं की आई दुसरी देते.” माझ्या मते त्याचे लक्ष कमी झालेले नव्हते, संथपणा हा त्याने पूर्ण विचाराने काढलेला मार्ग होता.

केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ सुचवला आहे, हे मी आईला सांगितले. “ते कागदावर, मॅडम. आमच्या ग्रुपवर मुलं रोज दोन-दोन पेपर सोडवतात,” असे त्या म्हणाल्या. ही धास्ती खोटी नसते, आणि पालकांना दोष देऊन ती जातही नाही. म्हणून सराव बंद न करता त्याला शेवट असावा, एवढेच आम्ही ठरवले. पूर्ण प्रश्नपत्रिका फक्त रविवारी, इतर दिवशी पंधरा प्रश्न, आणि ते वीस मिनिटांत झाले तरी उरलेला वेळ निर्विवादपणे त्याचा. चुकलेले उत्तर दहादा लिहिण्याऐवजी तो पर्याय का निवडला हे त्याने सांगायचे, आणि त्याच प्रकारचा प्रश्न तीन-चार दिवसांनी पुन्हा सोडवायचा. या वयाला किमान नऊ तास झोप लागते, त्यामुळे रात्री नऊनंतर वही उघडायची नाही.

पहिल्या आठवड्यात सर्वांत अवघड गेले ते आईला. मुलगा खाली खेळायला गेला की दुसरा पेपर काढायला हात शिवशिवतात, असे त्यांनीच हसत सांगितले. महिनाभरात उतरवण्याच्या चुका बऱ्याच कमी झाल्या, बुद्धिमत्ता चाचणीचे गुणही वाढले. गणिताचे मात्र जवळपास तेवढेच राहिले. त्या चुका आता वेगळ्या काढून पाहता आल्या, तेव्हा बहुतेक अपूर्णांकांच्या निघाल्या. छेद वेगळे असले की बेरीज कशी करायची, हेच त्याला मुळात समजलेले नव्हते, आणि न समजलेली गोष्ट शंभर प्रश्नपत्रिकांनीही समजत नाही. ते काम वर्गशिक्षिकांनी हाती घेतले असून तेवढ्यापुरता रोजचा गणिताचा सराव थांबवला आहे.